निंबखोऱ्याची सातवी आई

निंबखोऱ्याला वेस होती, वेशीला सागाची दारं होती, आणि देशावरून कोकणात उतरणारे बैलांचे तांडे कड्याखालच्या वाटेने जायचे, त्या काळातली ही गोष्ट. नेमकी कधीची ते कुणालाच सांगता येत नाही. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूसही एवढंच सांगतं, की आमच्या लहानपणीसुद्धा ही गोष्ट जुनीच होती.

गावाच्या डोक्यावर जो काळा कडा उभा आहे, त्यावर तेव्हा कोरीव काम नव्हतं. पायथ्याशी निंबाखाली शेंदूर फासलेले सात गोटे होते. लोक त्यांना सात आया म्हणायचे. पोर आजारी पडलं की तिथे जायचं, पोर चालायला लागलं की तिथे जायचं. गावचे सटवाजी पाटील, त्यांची लेकरं पाळण्यातच जायची. त्यांनी या निंबाखाली पदर पसरला आणि सांगितलं, एक लेकरू जगू दे, म्हणजे तुमची रूपं कड्यात कोरून घेतो. लेकरू जगलं. पाटील शब्दाला जागणारा माणूस. त्यांनी म्हसू पाथरवटाला बोलावलं.

म्हसू गावचा नव्हता. कुठल्याशा मोठ्या दुष्काळात तो देशावरून निघाला, बायको वाटेतच गेली, आणि लहानग्या लेकीला खांद्यावर बसवून तो निंबखोऱ्याला पोचला. जात्या-पाट्यांना टाकी लावायला गावाने त्याला ठेवून घेतलं. पण त्याचे वाडवडील देवळं घडवणारे होते. कुठल्या देवीच्या हातात काय, कुणाचं वाहन कोणतं, कुणाची मान कशी झुकलेली, सगळं त्याला तोंडपाठ होतं. ते त्याने लेकीला शिकवलं.

त्या लेकीचं नाव धुरपा. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा पटकीच्या साथीत गेला आणि ती बापाकडे परत आली. बाप कातळ फोडायचा, ती भाता चालवून बोथट छिन्न्यांना धार लावायची, तापलेलं पोलाद पाण्यात बुडवून त्यांना पाणी द्यायची. असं म्हणतात की तिने पाणी दिलेली छिन्नी कातळावर पडली की घंटेसारखा आवाज यायचा आणि खाली शिवारात नांगर धरलेली माणसं मान वर करून बघायची.

म्हसूने कड्यात सात कोनाडे पाडले. पहिल्यात हंसावरची ब्राह्मी बसवली, दुसऱ्यात नंदीवरची माहेश्वरी. मग मोरावरची कौमारी, गरुडावरची वैष्णवी, वराहाच्या तोंडाची वाराही, हत्तीवरची इंद्राणी. प्रत्येकीच्या मांडीवर एक लेकरू. कुणाचं लेकरू आईच्या गळ्यातल्या हाराशी खेळतंय, कुणाचं दूध पितंय, वाराहीचं लेकरू तिचा कान ओढतंय. गावातल्या बाया पाणी भरायला निघाल्या की वाकडी वाट करून तिथे उभ्या राहायच्या. कौमारीच्या मोराची पिसं उन्हाळ्यातही सकाळी दवाने ओली असतात, असं म्हणतात.

सहा आया झाल्या आणि म्हसूची नजर गेली. सातवा कोनाडा रिकामाच राहिला. तो खाटल्यावर पडून धुरपाला म्हणाला, "चामुंडा ऱ्हायली."

"मी करते," धुरपा म्हणाली.

"लोक करू देतील?"

"ते मी बघते. तुम्ही फक्त सांगा, कशी असते ती."

म्हसूने सांगितलं. बाकीच्या सहा जणी भरलेल्या अंगाच्या, दागिन्यांनी मढलेल्या. ही तशी नाही. हिने चंड आणि मुंड या दैत्यांना मारलं. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की त्यातून नवा दैत्य उभा राहायचा, म्हणून हिने थेंबन् थेंब स्वतःच्या तोंडात झेलला. दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं. पण त्याने तिचं पोट भरलं नाही. ती भुकेलीच राहिली. म्हणून तिच्या बरगड्या दिसल्या पाहिजेत, पोट पाठीला लागलेलं पाहिजे, आणि त्या पोटावर विंचू कोरायचा.

"विंचू कशापायी?"

"भुकेची नांगी," म्हसू म्हणाला. "वाडवडलांनी असंच सांगितलंय."

 धुरपाला तिची आई आठवली. दुष्काळातल्या त्या वाटेवर आई चालता चालता थांबायची, पोट दाबून धरायची आणि म्हणायची, आत विंचू चावतोय गं. आणि तरीही हाताला लागलेला भाकरीचा तुकडा तिने धुरपाच्या तोंडात घातला होता. माझं पोट भरलंय, असं म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

म्हसू त्याच महिन्यात वारला. धुरपा पाटलांकडे गेली आणि उरलेलं काम मागितलं. ओसरीवर बसलेल्यांत कुजबुज झाली. बाईने देवाच्या दगडाला छिन्नी लावायची, हे कुणी ऐकलं नव्हतं. गुरव तर उठूनच उभा राहिला. पण पाटलांची आई आऊबाई आतून बाहेर आली. तिला दिसायचं कमी झालं होतं, पण तिचा शब्द घरात कुणी मोडत नसे.

"आयांची मूर्ती बाईनं केली तर विटाळती व्हय रे?" ती म्हणाली. "करू दे तिला."

धुरपाने कोनाड्यापुढे पळसाच्या फांद्यांचा आडोसा बांधला आणि कामाला लागली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. तिच्या हाताला घट्टे पडले, कपच्या उडून कपाळावर व्रण उठले. कातळात मध्येच एक कडक शीर लागली, तिथे छिन्न्या मोडू लागल्या. तिने त्या पुन्हा भाजल्या, पुन्हा पाणी दिलं, पुन्हा लावल्या. शेजारणी विचारायच्या, झाली का गं देवी? ती म्हणायची, होतेय.

चैत्रात तिने आडोसा काढला. गाव नटून आलं होतं. पाटलीणबाईंनी हिरवं लुगडं आणि खणाची ओटी आणली होती.

कोनाड्यात हाडांची बाई बसलेली होती. डोळे खोल गेलेले, गालफडं बसलेली, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, स्तन सुकून लोंबणारे. बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी अशी. पोटाच्या खळग्यात विंचू, नांगी वर उचललेली. मांडीवर लेकरू होतं, आणि तेवढं एकटं लेकरू गुटगुटीत होतं. त्या हाडकुळ्या हाताने ती त्याला घास भरवत होती.

 एक पोर रडायला लागलं आणि बायांनी आपापली लेकरं पदराखाली घेतली. पाटलीणबाई ओटी घेऊन मागे सरल्या.

"ही आई न्हाई, ही हडळ हाय," गुरव म्हणाला. "मी हिला शेंदूर लावणार न्हाई."

सटवाजी पाटलांचा चेहरा उतरला होता. त्यांनी लेकरासाठी नवस केला होता, आणि हे काय समोर आलं होतं. ते म्हणाले, "धुरपे, पोट भरून दे तिचं. तोंड जरा हसरं कर."

"कातळ हाय पाटील. काढलेलं परत लावता येत न्हाई."

"मग नव्यानं कर. शेजारी जागा हाय."

"नव्यानं केली तरी अशीच होईल. ती अशीच हाय."

"गावातल्या बाया भितात तिला."

"भितील थोड्या दिवस," धुरपा म्हणाली.

पाटलांना राग आला नाही असं नाही, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी माणसांना सांगितलं, कोनाडा दगड-मातीने बुजवा. धुरपा बाजूला उभी राहिली. ती म्हणाली, "बुजवा. मी फोडणार न्हाई, अन् बदलणारबी न्हाई."

भिंत उभी राहिली. कड्यावर सहा आया उरल्या. लोक सहाच मोजू लागले. धुरपाने पुन्हा जात्या-पाट्यांचं काम धरलं, पण रोज दुपारी ती भाकरी घेऊन कड्याखाली जायची, भिंतीपाशी बसून जेवायची आणि अर्धी भाकरी भिंतीच्या फटीत ठेवायची. बाया तिला टाळू लागल्या. पोरं तिच्यामागे विंचवासारखी बोटं वाकडी करून चालायची. तिने कुणाला उत्तर दिलं नाही आणि जाणंही सोडलं नाही.

मग पाऊस फिरला. एक वर्ष अर्धामुर्धा आला, पुढच्या वर्षी आलाच नाही. देशावर तर नदीच्या पात्रातली वाळू उडू लागली. माणसं गुरांसकट घाट उतरू लागली आणि कड्याखालच्या वाटेने येऊन निंबखोऱ्याच्या वेशीवर थांबू लागली. गावात पेवं होती. जमिनीत खोल खणून, आतून सारवून, वर माती ओढून धान्य साठवायची ही पेवं. ती भरलेली होती. पण पाटील रात्रंदिवस एकच विचार करत होते, गावाची तोंडं किती आणि हे किती पुरेल. त्यांनी वेस बंद केली. दारात माणसं बसवली, बऱ्याचदा स्वतः बसले. कोण, कुठलं, कुणाचं, विचारायचं. सोयरं असेल तर आत घ्यायचं, नसेल तर पुढे जायला सांगायचं.

धुरपा डोक्यावर लहानसं जातं आणि कमरेला नाचणीचं गाठोडं बांधून वेशीवर आली.

"कुठं निघालीस?" पाटलांनी विचारलं.

"कड्याखाली, आयांच्या पायाशी. तिथं माणसं बसलीत."

"धुरपे, तुझं धान्य तुझं. पण संपल्यावर परत आलीस तर मी दार उघडणार न्हाई. एकीला उघडलं की सगळ्यांना उघडावं लागंल."

"मी मागणार न्हाई," ती म्हणाली, आणि गेली.

कड्याखाली तिने तीन दगडांची चूल मांडली. नाचणी दळायची, पाण्यात कालवून अंबील करायची, आणि येईल त्याच्या हातावर घालायची. माणसं सावलीला त्या भिंतीला टेकून बसायची. असं म्हणतात की एकदा भर दुपारी, वारा नाही, काही नाही, ती भिंत आपोआप ढासळली. दगड बाहेरच्या बाजूला पडले, खाली माणसं होती, लेकरं झोपलेली होती, पण एकालाही साधं खरचटलं नाही. धूळ बसली तेव्हा कोनाड्यात सातवी आई बसलेली दिसली.

धुरपाला वाटलं, आता हे लोकही उठून पळतील. पण कुणी उठलं नाही. एक म्हातारा काठीला धरून पुढे झाला, बराच वेळ देवीकडे बघत राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ही तर आपलीच हाय."

बाया एकेक करून पुढे आल्या. त्यांच्याकडे वाहायला काहीच नव्हतं. त्यांनी नुसते हात लावले, बरगड्यांना, पोटाला, त्या विंचवालाही. धुरपा चुलीपाशी बसून होती. इतकी वर्षं ती ज्या आईसाठी अर्धी भाकरी ठेवत आली, तिच्यासाठी ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

नाचणीचं गाठोडं मात्र रिकामं होत आलं. शेवटची अंबील शिजत होती त्या दिवशी एक बाई वेशीकडून पाय ओढत आली. काखेत एक लेकरू. तिचं वय सांगता आलं नसतं. धुरपाने तिच्या हातात वाडगं दिलं. बाई कोनाड्याखाली बसली, बोटांनी अंबील घेतली आणि आधी लेकराच्या तोंडात घातली. धुरपाने वर बघितलं, खाली बघितलं. तोच हात, तेच वाकलेलं मनगट, त्याच बरगड्या. तिने बघून काढलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

"खा बाई, तूबी खा," धुरपा म्हणाली. "कुठून आलीस?"

"इथलीच हाय मी. या गावची लेक."

"कुणाची?"

बाईने वाडगं खाली ठेवलं. "सटवाजी पाटलांची धाकटी भईण, देशावर दिलेली. सगुणा."

धुरपाने तिला लहानपणी बघितलं होतं. लांब केसांची, खळखळून हसणारी पोर होती. त्यातलं काहीच आता दिसत नव्हतं.

"मग वेशीवरनं इकडं कशी आलीस?"

"दादाच बसला होता दारात. त्यानं माझ्याकडं बघितलं, कोण कुठली विचारलंबी न्हाई, अन् म्हणाला, बाई, पुढं जा." सगुणाने लेकराचं तोंड पुसलं. "त्याचं बघून झाल्यावर मग मी कोण ते सांगावंसं वाटलं न्हाई."

धुरपा उठली. तिने हात पुसले आणि सरळ वेशीवर गेली. दाराच्या फळ्यांवर थापा मारल्या. पाटील दाराशी आले.

"मी मागायला आली न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही कड्याशी चला आणि सातव्या आईला एकदा नीट बघा. आऊंनाबी घेऊन चला. त्यानंतर दार बंद ठेवा, मी पुन्हा वाजवणार न्हाई."

तिच्या आवाजात असं काही होतं की पाटील नाही म्हणू शकले नाहीत. ते आऊबाईचा हात धरून कड्याशी आले. कोनाड्यात ती दगडाची आई बसली होती आणि तिच्या पायाशी ही जिवंत बाई बसली होती, मांडीवर लेकरू घेऊन. पाटील एकीकडून दुसरीकडे बघत राहिले. त्यांना दोघींतला फरक कळेना, पण बाई कोण तेही कळेना. आऊबाईला तर दिसतच नव्हतं नीट. ती आवाजाच्या रोखाने पुढे सरकली, बाईच्या तोंडावरून हात फिरवला, कानामागे बोटं नेली, आणि तिथेच खाली बसली.

"सगुणा," ती म्हणाली. "माझी सगुणा हाय ही."

 सटवाजी पाटील मातीतच मांडी घालून बसले.  मग म्हणाले, "मी ओळखलं न्हाई गं. खरंच ओळखलं न्हाई."

सगुणाने लेकराला जवळ घेतलं. धुरपा बोलली.

"ओळख पटल्यावर कुणीबी वाढतं, पाटील."

असं म्हणतात की पाटील तिथून उठले ते घरी गेले नाहीत. वेशीवर गेले, दारं सताड उघडली, आणि कुदळ घेऊन पहिलं पेव स्वतः फोडलं. ते त्यांच्या घरचं पेव होतं. गाव बघत उभं होतं. काही जण चिडले, काही जणांनी आपापल्या पेवांवर गवत टाकलं. पण संध्याकाळपर्यंत दुसरं पेव फुटलं, ते गुरवाचं. कड्याखाली मोठी चूल पेटली. पाटलांनी वाढणाऱ्यांना एकच ताकीद दिली, आधी खाऊ द्या, मग विचारा. धुरपा सगळ्यांत पुढे बसून पीठ मळत होती.

लोकांनी धान्य संपायची वाट बघितली. ते संपायला हवं होतं. रोज पेवात उतरणारा माणूस म्हणायचा, उद्यापुरतं हाय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणायचा. कितीदा म्हणाला त्याची गणती नाही. मृग आला, पाऊस कोसळला, देशावरची माणसं आपापल्या गावांकडे परत निघाली, तेव्हा पेवाच्या तळाशी उद्यापुरतं धान्य शिल्लकच होतं. त्याच पावसात एका सकाळी बायांना दिसलं की सातव्या आईच्या पोटावरच्या विंचवाने नांगी खाली टाकली आहे. धुरपाने ती उभी कोरली होती, हे सगळ्या गावाने बघितलं होतं. आता ती खाली वळलेली आहे. ज्याला खोटं वाटतं त्याने कड्यावर जाऊन बघावं.

गुरवाने शेंदूर आणला. धुरपाने त्याला थांबवलं. "हिला शेंदूर नको," ती म्हणाली. "बरगड्या झाकतील."

सगुणा माहेरीच राहिली. तिचं लेकरू मोठं झालं, त्याला लेकरं झाली. धुरपा म्हातारी झाली. पाटलांनी तिला पुष्कळदा विचारलं, आणखी काही कोर, हवा तो कातळ घे. ती म्हणायची, माझं काम झालं. जात्यांना टाकी लावायचं तेवढं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

ती मेली असं कुणी पाहिलं नाही. एका सकाळी ती भाकरी घेऊन कड्याकडे गेली. खाली शिवारातल्या माणसांनी छिन्नीचा आवाज ऐकला, तो घंटेसारखा, आणि मान वर केली. दुपारी आवाज थांबला. लोक वर गेले तर तिथे कुणी नव्हतं. पण सातव्या आईच्या पायाशी वीतभर उंचीची एक बाई कोरलेली होती, पुढ्यात वाडगं घेऊन बसलेली. ती कालपर्यंत तिथे नव्हती, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आता वेस राहिलेली नाही. दारांचा साग कुणाच्या घराला लागला तेही ठाऊक नाही. तांड्यांच्या वाटेवरून डांबरी घाटरस्ता झालाय. पण नवरात्रातल्या अष्टमीला निंबखोऱ्यात एक गोष्ट अजून होते. सहा आयांना लुगडी नेसवतात, ओट्या भरतात. सातव्या आईला काही नेसवत नाहीत. त्या दिवशी गावातली मोठी माणसं बाहेरचं कुणी जेवल्याशिवाय जेवत नाहीत. गाव रस्त्यावर जाऊन उभं राहतं. एसटी थांबवतात, ट्रक थांबवतात, पायी जाणारा धनगर असेल, मोटरसायकलवरची नवी नवरा-बायको असतील, सगळ्यांना कड्याखाली आणून पंगतीला बसवतात. पहिलं पान पाटलांच्या घरचं माणूस वाढतं. या पंगतीला धुरपाचं जेवण म्हणतात. जेवणाऱ्याला काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात नाही, कुठे चाललात तेही नाही. बाहेरगावच्या माणसाला हे अवघडल्यासारखं होतं, तो आपणहून सांगायला लागतो, तर म्हाताऱ्या बाया हाताने थांबवतात आणि पानात आणखी वाढतात.

तो पोटभर जेवतो, उठतो, कोपऱ्यातल्या घंगाळातलं पाणी हातावर घेतो. हात पुसायला कुणीतरी पंचा पुढे करतं आणि मगच विचारतं, "बरं, आता सांगा, कोण तुम्ही?"